बायका तीन

आमचा दादा, चंद्रहास टिपणीस, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी जपानच्या उत्तरेला होक्काइदोतल्या तोनोहारा नावाच्या गावी गेला, तेव्हा तोक्योच्या ओजिमा भागातल्या यच्चयावत मराठी मंडळींनी मला फोन करून विचारलं, की त्याचं कंपनीत काही बिनसलं का. सॉफ्टवेअर कंपनीतल्या माणसाला माळरानावरच्या बंद पडलेल्या वीटकारखान्यात पाठवतात म्हणजे शिक्षाच, असं सगळ्यांचं मत होतं. मी सांगितलं, त्याने स्वतःहून मागून घेतलंय. यावर पलीकडून 'अच्छा' यायचं. या 'अच्छा'त जे असतं ते मला चांगलं कळतं.

मला आश्चर्य वाटलं नव्हतं. मी त्याची सख्खी धाकटी बहीण, त्याला जन्मापासून ओळखते. आडनाव टिपणीस असलं म्हणून प्रत्येक पिढीने टिपणं काढत बसायला हवं असं नाही, आमच्या बाबांनी तर आयुष्यात वाण्याची यादीसुद्धा केली नाही. पण दादा लहानपणापासून तसाच. ठाण्याला घरी दूध नासलं तरी तो कॅलेंडरवर लिहून ठेवायचा. लग्नासाठी त्याला दोन मुली दाखवल्या. पहिलीकडून कांदेपोहे खाऊन आल्यावर त्याने मुलीच्या वडिलांना बैठकीचा वृत्तान्त पाठवला, कोण काय म्हणालं आणि काय ठरलं, शेवटी 'काही राहिलं असल्यास कळवावे'. त्यांनी काहीच कळवलं नाही. दुसऱ्या वेळी आईने त्याच्याकडून शब्द घेतला होता, तरी त्याने पाठवलाच. तिसरी मुलगी दाखवायचं धाडस घरात कुणी केलं नाही.

जपानला तो प्रथम आला कोबेच्या एका व्यापारी कंपनीत, तीन वर्षांसाठी. इथे आल्यावर त्याला कळलं, की या देशात प्रत्येक माणूस संध्याकाळी घरी जाण्याआधी दिवसभरात काय केलं ते लिहून देतो. त्या अहवालाला निप्पो म्हणतात. दादाला जे सुख आयुष्यभर चोरून भोगावं लागलं होतं ते इथे सक्तीचं होतं. तो परत गेलाच नाही. जपानी शिकला, परीक्षा दिल्या, तोक्योत कोतो भागातल्या कंपनीत लागला आणि ओजिमाच्या सरकारी वसाहतीत राहू लागला. तिथे त्याला कचऱ्याच्या कमिटीवर घेतलं. फुटलेली छत्री कुठल्या दिवशी टाकायची हे जपानी शेजारणी त्याला फोन करून विचारायच्या. पुढे माझ्या नवऱ्याची, यतीनची, बँकेने इकडे बदली केली आणि आम्ही त्याच्याच इमारतीत दोन मजले खाली राहायला आलो. आमचं कचऱ्याचं पिंप तो जाता-येता तपासायचा. मी त्याला एकदा स्पष्ट सांगितलं, की दादा, हे आता बस. त्यानंतर तो मी घरात नसताना तपासायचा.

आता तोनोहाराबद्दल. तिकडे उत्तरेला डोंगर दूर राहतात आणि मधे सपाट माळ पसरलेला असतो, अर्धं वर्ष बर्फाखाली. सव्वाशे वर्षांपूर्वी दक्षिणेकडून काही कुटुंबं शेती करायला तिथे आली. माती इतकी चिकट की मुळा लावला तर जमिनीतून निघायचा नाही, तुटायचा. ज्या जमिनीत मुळा येत नाही त्या जमिनीची वीट होते, असा त्यांच्यातल्या एकाने विचार केला आणि कारखाना काढला. त्याची गोल भट्टी अजून उभी आहे. विस्तव एका कोठीतून दुसऱ्या कोठीत फिरवत न्यायचा. बर्फ वितळलं की पेटवायची, ती पुढचं बर्फ पडेपर्यंत विझवायची नाही. त्या विटांची स्टेशनं झाली, गोदामं झाली, शाळा झाल्या. मग सिमेंट आलं. पंचवीसेक वर्षांपूर्वी भट्टी शेवटची पेटली. मालकांच्या घरात पुढे कुणी उरलं नाही आणि सगळं नगरपालिकेकडे आलं. तिथे संग्रहालय करायचं, जुन्या वस्तू मांडायच्या आणि दप्तर संगणकावर आणायचं असं ठरलं. ते काम दादाच्या कंपनीला मिळालं. बर्फात जायला कोण तयार आहे असं विचारल्यावर एकच हात वर गेला.

कारखान्याचं दप्तर म्हणजे काय, तर जवळजवळ शंभर वर्षांचे निप्पो. दादाने मला पहिल्याच आठवड्यात फोनवरून एक पान वाचून दाखवलं. जून महिन्यातलं पान होतं. 'ढगाळ. माती जड. साच्यावर सातो, एंदो, मोरी. भट्टीवर ओगावा. घोडा कुरो, डाव्या पायाला सूज, विश्रांती. बायका तीन.' वाचताना त्याचा आवाज भरून आला होता. आमच्या आईचं पत्र वाचताना त्याचा आवाज असा झालेला मला आठवत नाही.

मी विचारलं, "बायका तीन म्हणजे?"

तो म्हणाला, तीन बायका कामावर होत्या. साच्यातून काढलेल्या कच्च्या विटा वाळवणीच्या छपरात न्यायचं काम बायकांचं असायचं. नावं नाहीत, फक्त आकडा. मी विचारलं, घोड्याचं नाव आहे आणि बायकांची नाहीत? तो म्हणाला, आकडा कुठेही चुकलेला नाही. मी फोन ठेवला. दादाशी बोलताना आठवड्यातून एकदा तरी फोन ठेवावाच लागतो.

त्या बायकांपैकी एक अजून गावात होती. फुमीसान. वय शहाऐंशी, पाठीला बाक, डोक्याला रुमाल, आणि हातात कायम काहीतरी शेतातलं. हा कोण परदेशी मनुष्य आपल्या कारखान्यात बसलाय हे पाहायला त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा भोपळा घेऊन आल्या होत्या. सोळाव्या वर्षी त्या वडलांबरोबर कारखान्यात लागल्या होत्या. पाठीला लाकडी घोडी बांधायची, तिच्यावर ओल्या विटांची चळत घ्यायची आणि छपरापर्यंत न हलवता न्यायची. ओली वीट जड असते आणि मऊ असते. पाऊल चुकलं की वाकते, वाकली की मोडून परत मातीत, आणि वर बोलणी. पुढे भट्टीवाल्या ओगावाच्या मुलाशी त्यांचं लग्न झालं, मुलं झाली, आणि छपराला रूळ बसून ढकलगाडी येईपर्यंत त्या विटा वाहतच होत्या. हे सगळं त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. शेवटी एवढंच विचारलं, की या दप्तरात माझं नाव कुठे असेल.

दादा म्हणाला, असेलच, शोधतो.

त्याने सगळं दप्तर शोधलं. वर्षभर तो रोज एकेक वही वाचत होता, छायाचित्रं घेत होता, नोंदी भरत होता, आणि फुमीसान दर गुरुवारी काहीतरी घेऊन येत होत्या, कधी मका, कधी खारवलेला कोबी. बसायच्या, चहा घ्यायच्या, निघताना विचारायच्या, "आज सापडलं का?" दादा म्हणायचा, अजून नाही. त्यांच्या वडलांचं नाव सापडलं, भावाचं सापडलं. सासऱ्यांचं जागोजागी होतं, नवऱ्याचंही. फुमीसानची मजुरीसुद्धा आधी वडलांच्या आणि मग नवऱ्याच्या नावावर लागत होती. शेवटची वही संपली त्या गुरुवारी दादाने त्यांना सांगितलं, की नाही. फुमीसान म्हणाल्या, "असं का." मग म्हणाल्या, की थडग्याच्या दगडावर घराण्याचं नाव असतं, आपलं नसतं. इथे असेल असं वाटत होतं. हे दादाने मला रात्री सांगितलं आणि पहिल्यांदाच फोन त्याने आधी ठेवला.

आता कुणीही म्हणेल, की मग घालावं तिचं नाव संग्रहालयाच्या माणसा-वस्तूंच्या सूचीत. म्हातारी समोर बसून सांगतेय, गावाला माहीत आहे. पण मधे एक नियम होता, आणि तो दादानेच केलेला होता. सुरुवातीला गावातला प्रत्येक म्हातारा येऊन सांगून जायचा, की भट्टीची युक्ती आपल्या आजोबांची. अशा पाच आजोबांनंतर दादाने नियम लिहून दिला, 'कागदाचा आधार असल्याशिवाय सूचीत नोंद होणार नाही.' नगरपालिकेच्या संस्कृती विभागातले कुदोसान या कामावर देखरेख करत. त्यांना नियम इतका आवडला की त्यांनी तो छापून भिंतीला लावला. दादा त्याच्याखालीच बसायचा.

"मग बदल नियम," मी म्हटलं.

तो म्हणाला, एकासाठी बदलला की पाच आजोबा परत येतील.

"दादा, घोड्याला आधार आहे?"

"घोड्याला आहे," तो म्हणाला. तो दुष्ट नाही. त्याला खरंच वाईट वाटत होतं, जेवण जात नव्हतं. पण चुकीची नोंद करण्यापेक्षा तो उपाशी राहिला असता.

तीन नोव्हेंबरला, संस्कृती दिनाच्या सुट्टीला, संग्रहालय उघडायचं होतं. त्याआधी ऑक्टोबरअखेर सूची बंद होणार होती. बंद म्हणजे कायमची बंद, नंतर तीत काही भरता येणार नव्हतं. फुमीसान तरीही गुरुवारी येत राहिल्या. विचारायचं मात्र त्यांनी सोडून दिलं होतं, आणि ते दादाला जास्त लागत होतं.

नवरात्रात मी त्याच्याकडे गेले. यतीनने चार दिवस घर सांभाळायचं कबूल केलं होतं. मी चिवडा, थालीपिठाची भाजणी आणि हळदकुंकू घेऊन गेले, कारण मधे खंडेनवमी येत होती. दादा देवभोळा नाही. संकष्टी, एकादशी त्याला माहीतही नसते. पण खंडेनवमी तो सोडत नाही. आपण ज्या हत्याराने पोट भरतो त्याची वर्षातून एकदा पूजा करायची आणि त्या दिवशी त्याला काम सांगायचं नाही, हे त्याला पटतं. तोक्योच्या ऑफिसातही तो दरवर्षी लॅपटॉपला कुंकू लावायचा. ती सुरक्षा विभागाची खूण असावी असा तिथल्या लोकांचा समज होता.

नवमीला सकाळी आम्ही कारखान्याच्या जुन्या कचेरीत टेबल पुसलं, वर पांढरा कागद अंथरला. लॅपटॉप मांडला, स्कॅनर मांडला, चिठ्ठ्या छापायचं यंत्र मांडलं. झेंडू मिळाला नाही. सुपरमार्केटात पितरांपुढे ठेवायची शेवंती होती, ती आणली. दादा म्हणाला, कारखान्याचंही एखादं हत्यार हवं, म्हणून विटेचा लाकडी साचा आणला. नुसता साचा बरा दिसेना, म्हणून आदल्या दिवशी छायाचित्र घ्यायला काढलेली एक वीट शेजारी ठेवली. गावच्या प्राथमिक शाळेसाठी शोवा एकोणतीस साली, म्हणजे सत्तर वर्षांपूर्वी, भाजलेल्या विटांपैकी ती होती. तिच्यावर कारखान्याचा छाप होता आणि दोऱ्याने दादाने स्वतः बांधलेली चिठ्ठी होती, वस्तू क्रमांक चारशे बारा.

मी वाटीत हळद कालवत होते तेवढ्यात फुमीसान आल्या. गुरुवार नव्हता, पण गावात बातमी पसरायला वेळ लागत नाही. हे काय चाललंय असं त्यांनी विचारलं. दादाने समजावून सांगितलं. त्यांना काही नवल वाटलं नाही. त्या म्हणाल्या, भट्टी पेटवायच्या दिवशी आमच्याकडेही मीठ आणि साके ठेवायचे. बायकांनी मात्र लांब उभं राहायचं. मग त्यांनी विचारलं, की इथे बायकांना चालतं का.

मी म्हटलं, इथे बायकाच करतात. हे सर्वस्वी खरं नाही, पण मला राग आला होता. मी त्यांच्या कपाळाला हळदकुंकू लावलं. त्यांचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती, हे लावताना मला आठवत होतं. आठवूनच लावलं. मग मी हळदीची वाटी त्यांच्यापुढे धरली आणि नव्या गाडीला लावतात तशी पाच बोटं विटेवर ओढायला सांगितली. त्यांनी बोटं बुडवली आणि सावकाश, दाबून ओढली. दादाने मधे कुंकू लावलं. लावताना कुंकू लागू नये म्हणून त्याने चिठ्ठी हलकेच बाजूला केली. तेवढं करूनही ती चिठ्ठी कशाची आहे हे त्याच्या लक्षात आलं नाही. त्या दिवशी त्याने यंत्रांना हात लावला नाही, निप्पो लिहिला नाही. आम्ही तिघांनी चिवडा खाल्ला. फुमीसानना तिखट लागला, पण त्यांनी दोनदा घेतला.

दसऱ्याच्या सकाळी मी पोळ्या लाटत होते. दादा कचेरीतून घरी परत आला आणि दारात उभा राहिला. म्हणाला, "चारू, वीट सूचीतली होती."

आम्ही दोघं धावत गेलो. हळद कोरड्या कपड्याने निघेना. भाजलेली वीट पाणी पिते, हे वर्षभर विटांचा इतिहास वाचलेल्या माणसाला सांगायला नको होतं. त्याने ओल्या कपड्याने पुसलं, डाग पसरला. मग मी काही बोलायच्या आत त्याने भांडी घासायचा साबण लावला. हळदीला साबण लागला की काय होतं हे आपल्याकडच्या कुठल्याही बाईला विचारा. पिवळी बोटं लालभडक झाली. मी म्हटलं, उन्हात ठेव, हळद उन्हाने उडते. तो म्हणाला, सूचीतल्या वस्तू उन्हात ठेवायला मनाई आहे. तो नियमही त्याचाच होता.

लपवायचा विचार त्याच्या मनाला शिवलासुद्धा नाही. त्याने कुदोसानना फोन केला. चाळीस वर्षांचे, गोल चेहऱ्याचे, फार सौम्य गृहस्थ. ते आले, विटेसमोर उभे राहिले आणि दातांतून बराच वेळ हवा आत ओढत राहिले. मग म्हणाले, की हानीचा अहवाल करावा लागेल. तो सूचीला जोडला जातो आणि सूचीइतकाच कायम राहतो. अहवालात रकाने होते. वस्तू क्रमांक, घटना कशी घडली, वस्तूला कुणी हात लावला, त्यांचं वस्तूशी नातं काय, संबंधितांचं म्हणणं, आणि पुन्हा असं होऊ नये म्हणून काय करणार. शेवटच्या रकान्यात दादाने पुढच्या दहा वर्षांच्या खंडेनवमीच्या तारखा लिहिल्या आणि त्या दिवशी सर्व विटा कपाटात राहतील असं कबूल केलं. तोवर फुमीसानही आल्या. बोलावलं नव्हतं. कपाळावर कालच्या कुंकवाची पुसट खूण होती.

हात कुणी लावला हा रकाना कुदोसाननी स्वतः भरला आणि लॅपटॉप आमच्याकडे वळवला. मला जपानी वाचायला फारसं येत नाही, पण बाईचं अक्षर येतं, ते स्वच्छतागृहाच्या दारावर असतं. दादाचं नाव होतं, आणि त्याच्यापुढे ते अक्षर आणि दोनचा आकडा. इतर महिला, दोन.

माझं डोकं फिरलं. पण मला राग येतो तेव्हा जपानी येत नाही, आणि मराठीत बोलून उपयोग नव्हता. मी दादाकडे पाहिलं.

कुदोसान समजावत होते. त्यांचा हेतू चांगलाच होता, हे मी आजही म्हणते. वैयक्तिक माहितीचा प्रश्न होता. शिवाय फुमीसानच्या घरच्यांना याच गावात राहायचं होतं, नातवंडं त्याच शाळेत होती, आणि शाळेच्या विटेवर डाग पाडणाऱ्यांत आजीचं नाव लागणं बरं दिसलं नसतं. म्हणून कुदोसाननी त्यांना झाकलं होतं, आणि मी पाहुणी, तर मलाही.

दादा नोकरीत आजवर कुणाला विरोध केलेला माणूस नाही. नकार द्यायचा झाला तर तो 'जरा अवघड आहे' म्हणतो आणि मग ते अवघड काम स्वतःच करतो. त्याने पडद्यावरची ओळ पुन्हा वाचली.

"कुदोसान, ही नोंद चुकीची आहे," तो म्हणाला.

कुदोसान म्हणाले, आकडा बरोबर आहे.

"आकडा बरोबर आहे," दादा म्हणाला. "मी वर्षभर हेच वाचलं. त्या वेळच्या कारकुनाला नावं माहीत होती आणि त्याने आकडा लिहिला. आज लिहिणारे आपण आहोत. आपल्यालाही नावं माहीत आहेत."

मग फुमीसाननी विचारलं, की हा कागद किती दिवस ठेवतात. कुदोसान अपराधी चेहऱ्याने म्हणाले, कायमचा. त्यात एकदा नाव गेलं की काढायची सोयच नाही. म्हणून तर मी म्हणत होतो.

"माझं लिहा," फुमीसान म्हणाल्या.

कुदोसाननी लिहिलं, ओगावा फुमी. माझंही लिहिलं, चारुता, आणि स्पेलिंग तीनदा विचारलं. मग वस्तूशी नातं हा रकाना आला. माझ्यापुढे त्यांनी 'पाहुणी' लिहिलं. फुमीसानच्या नावापुढेही तेच लिहायला लागले, तेव्हा त्या म्हणाल्या, मी पाहुणी नाही, ही वीट मी वाहिलीय. कुदोसान अडखळले. भिंतीवरच्या नियमाकडे त्यांची नजर गेली. हीच वीट कशावरून, असं त्यांनी अगदी हळू विचारलं.

"त्या उन्हाळ्यात शाळेच्या विटा आम्ही नेल्या. आपल्या पायांनी चालत गेल्या नाहीत," फुमीसान म्हणाल्या.

कुदोसान दादाकडे पाहू लागले. दादाने पडद्यावरच्या पुढच्या रकान्यावर बोट ठेवलं. संबंधितांचं म्हणणं. तिथे माणूस जे सांगेल ते त्याच्या शब्दांत उतरवायचं असतं, त्याला दुसरा आधार लागत नाही. भिंतीवरचा नियम सूचीसाठी होता, हानीच्या अहवालासाठी नव्हता. नियम दादानेच केला होता, पण ही वाट त्यालाही त्याच क्षणी दिसली असावी. त्याचे कान लाल झाले होते.

कुदोसाननी खुर्ची पुढे ओढली आणि फुमीसानना म्हणाले, सांगा.

फुमीसान उठून उभ्या राहिल्या. अहवाल द्यायचा तर उभं राहून द्यायचा असं त्यांना वाटलं असणार. त्यांनी सांगितलं, की शोवा एकोणतीसच्या उन्हाळ्यात, वयाच्या सोळाव्या वर्षी, साच्यावरून वाळवणीच्या छपरापर्यंत कच्च्या विटा पाठीवर नेण्याचं काम त्यांच्याकडे होतं. पाऊस आला तर पळायचं, पण विटा हलता कामा नयेत. शाळेच्या विटांपैकी आपली एकही वाकली नाही. कुदोसान टाईप करत होते. एवढं झाल्यावर ते थांबले. फुमीसान बसल्या नाहीत.

"मला एकटीला लिहू नका," त्या म्हणाल्या. "आम्ही तिघी होतो. इचिकावा हारु आणि सुगा चियो. दोघी गेल्या. हारु पुढे चालायची, मी मधे, चियो मागे. चियो गायची."

कुदोसाननी विचारलं, की चियोचं अक्षर कसं लिहायचं. फुमीसाननी हवेत बोटाने काढून दाखवलं. त्यांनी लिहिलं. 'गायची' हेही लिहिलं, मी नंतर दादाकडून खात्री करून घेतली. मी तोवर रडायला लागले होते आणि रुमाल सापडत नव्हता. दादा चष्मा पुसत होता. तो चष्मा त्याने आधीच एकदा पुसला होता.

कागद छापून आला. इथे सहीच्या जागी नावाचा शिक्का मारतात, दादाने आपला मारला. माझ्याकडे शिक्का नव्हता, मी मराठीत सही केली. फुमीसाननी कनवटीच्या पिशवीतून आपला शिक्का काढला. म्हणजे सकाळी घरून निघताना त्या तो घेऊन निघाल्या होत्या. त्यांनी कागदावरचं आपलं नाव आधी बोटाने चाचपलं, मग खालची दोन नावं. कुदोसाननी पुन्हा एकदा, नियमाप्रमाणे, त्यांना सांगितलं, की आजीबाई, यावर शिक्का मारला की हे नाव पुढे कधीही काढता येणार नाही.

"नक्की?" फुमीसाननी विचारलं.

"नक्की," कुदोसान म्हणाले.

त्यांनी शिक्का शाईवर टेकवला, नावापुढे ठेवला आणि दोन्ही हातांनी दाबला. उमटायला लागतो त्याहून पुष्कळ जास्त वेळ त्या तो तसाच दाबून उभ्या होत्या. आम्ही कुणीही त्यांना उचला म्हटलं नाही.